अंगणातील परकी फुले आणि त्यांची नावे : विंचूर परिसरातील उन्हाळी फुलबागेच्या निमित्ताने

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे, ते प्रामुख्याने विठ्ठल शिवदेव यांच्यामुळे. पेशव्यांच्या या सरदाराने उत्तरेतील मोहिमांत आणि १७६१ च्या पानिपतच्या संग्रामात भाग घेतला. विंचूर हे त्याच्या जहागिरीचे मुख्य ठाणे होते आणि या गावावरूनच त्याचे घराणे पुढे विंचूरकर म्हणून ओळखले जाऊ लागले. पुण्यातील विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांच्या वास्तव्यामुळे व सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रारंभामुळे प्रसिद्ध आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय या घराण्याचा राजकीय इतिहास हा नाही. विंचूरसारख्या गावातील घरापुढच्या फुलझाडांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहता येईल काय, आणि पाहावयाचे झाल्यास कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी उन्हाळ्याचे दिवस विशेष सोयीचे आहेत. विंचूरचा परिसर गोदावरीच्या खोऱ्यात, परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात बांधावर व पडीत जमिनीत उगवणारी तेरडा, कुर्डू, टाकळा यांसारखी वर्षायू झुडपे चैत्र-वैशाखापर्यंत वाळून नाहीशी झालेली असतात. रानात फुलतात ते बहाव्यासारखे खोल मुळांचे वृक्ष. त्या खालोखाल जे काही फुललेले दिसते ते मनुष्याने पाणी घालून जगविलेले असते : विहिरीच्या पाण्यावरचा मोगरा, न्हाणीच्या सांडपाण्यावरची कर्दळ, तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुली. म्हणजे उन्हाळ्यात अंगणात जे फूल दिसते, ते तेथे असावे अशी कोणाची तरी इच्छा असल्यामुळे दिसते. निसर्गाचा भाग वजा जाऊन मानवी निवडीचा भाग उरतो आणि इतिहासाच्या अभ्यासकास नेमका तोच हवा असतो.

या निवडीची एक यादी करून पाहावी. मोगरा, तगर, अबोली, तांबडी कण्हेर व जास्वंद ही फुले या देशाला दीर्घकाळापासून परिचित आहेत. उलट देवचाफा, गुलबक्षी, निशिगंध, रातराणी, कर्दळ व बोगनवेल ही अमेरिका खंडातून आणि सदाफुली व गुलमोहर ही मादागास्कर बेटातून आलेली आहेत. अमेरिकेतील वनस्पतींचा या देशाशी संबंध येण्यास १५ व्या शतकाच्या अखेरीस झालेले सागरी मार्गांचे शोध आणि त्यानंतरचे पोर्तुगीजांचे दळणवळण कारणीभूत झाले. परंतु अंगणात फुले वेचणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने या दोन वर्गांत काहीच भेद नसतो. सर्वांना मराठी नावे आहेत आणि बहुतेकांचा घरगुती वापर ठरून गेलेला आहे. परकेपणाची खूण पुसली गेली आहे. ती पुसली कशी गेली, हे पाहण्याचे साधन म्हणजे त्यांची नावे होत.

२

एखादी अनोळखी वनस्पती दारी आली असता तिला नाव देण्याच्या मराठी भाषेच्या काही ठरावीक रीती दिसतात.

पहिली रीत म्हणजे जुन्या नावाचा विस्तार करण्याची. नवे फूल ज्या जुन्या फुलाची आठवण करून देईल, त्याचेच नाव एखादे विशेषण जोडून त्यास द्यावयाचे. मूळची अमेरिकन असलेली, पिवळ्या घंटेच्या आकाराच्या फुलांची बिट्टी ही अशा रीतीने ‘पिवळी कण्हेर’ झाली. दुसरी रीत गुणवर्णनाची आहे. बारमाही फुलते म्हणून सदाफुली, रात्री गंध सुटतो म्हणून रातराणी व निशिगंध, पाने चुरडली असता उग्र वास येतो म्हणून घाणेरी. तिसऱ्या रीतीत फारसीतून आलेला ‘गुल’ हा शब्द पुढे येतो : गुलबक्षी, गुलछडी, गुलमोहर. हिंदीत गुलबक्षीला गुलअब्बास म्हणतात. दोन्ही रूपांवरून, हे फूल देशी भाषांत ज्या वातावरणात रुळले त्यावर फारसी संस्कृतीची छाया होती, एवढे अनुमान करता येते. अमेरिकेतून निघालेल्या फुलाने फारसी नावाचा पोशाख घालून मराठी अंगणात प्रवेश करावा, ही गोष्ट मध्ययुगीन दक्षिणेच्या सांस्कृतिक घडणीशी सुसंगतच आहे.

चौथी रीत परक्या नावाला मराठी वळण देण्याची. ‘बोगनवेल’ हे तिचे उत्कृष्ट उदाहरण होय. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत त्याच्या सोबत असलेल्या कोमेरसाँ या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वनस्पती गोळा केली आणि नौकाधिपतीचे नाव तिला मिळाले. भारतात ती आली ती १९ व्या शतकात. त्या फ्रेंच आडनावाचा अखेरचा अवयव मराठी कानाला ‘वेल’ असा ऐकू आला. वनस्पतीही चढणारी असल्याने तो अर्थ तिला चपखल बसला. आज हे नाव उच्चारणाऱ्याला त्यात कोणा फ्रेंच माणसाचे आडनाव दडले असेल अशी शंकाही येत नाही. शब्द परका असल्याची जाणीव नाहीशी होणे म्हणजे वस्तू परकी असल्याची जाणीव नाहीशी होण्याची पहिली पायरी असते.

पाचवी रीत पौराणिक नाव देण्याची आहे. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. तत्पूर्वी पहिल्या रीतीमुळे ऐतिहासिक अभ्यासात कोणते प्रमाद संभवतात ते पाहू.

३

‘चाफा’ हा शब्द घ्यावा. संस्कृत ‘चंपक’ या शब्दापासून तो आला आणि त्याचा मूळ वाच्यार्थ सोनचाफा हा सदाहरित वृक्ष होय. परंतु आज मराठीत निदान पाच अगदी निरनिराळ्या कुळांतील वनस्पतींना चाफा म्हणतात. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळांच्या आवारात हमखास आढळणारा, उन्हाळ्यात पाने गाळून फुलणारा, खोडातून पांढरा चीक स्रवणारा देवचाफा हा कण्हेरीच्या कुळातला. पिकलेल्या फळासारख्या गोड वासाचा हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफा हा उंडीचा आप्त. आणि ऐन ग्रीष्मात, पान उगवण्यापूर्वी, उघड्या जमिनीतून ज्याचे फूल वर येते तो भुईचाफा हळद-आल्याच्या कुळातला. या पाचांना एकत्र आणणारी गोष्ट वनस्पतिशास्त्रीय नाही. फुलाचा सुगंध व पाकळ्यांचा भरीवपणा यांवरून लोकांनी त्यांचा एक वर्ग बनविला. तो वर्ग चुकीचा आहे असे म्हणण्याचे कारण नाही, कारण तो फूल माळणाऱ्याच्या व देवाला वाहणाऱ्याच्या उपयोगाचा वर्ग आहे. मात्र तो वंशाचा अथवा आगमनकाळाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

देवचाफा हा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. त्यामुळे यादवकालीन वाङ्मयात चाफ्याचा उल्लेख आढळल्यास तो सोनचाफ्याचा अथवा अन्य एतद्देशीय चाफ्याचा समजला पाहिजे. देवळाच्या प्रांगणात आज दिसणाऱ्या झाडाचा समजता कामा नये. हे तत्त्व सांगावयास सोपे वाटते. पण जुन्या काव्याचे अर्थ लावताना, किंवा एखाद्या देवालयाची प्राचीनता सांगताना ‘आवारातील पुरातन चाफा’ हा आधार म्हणून पुढे केला जातो, तेव्हा त्याचा विसर पडतो. झेंडूच्या बाबतीतही असेच आहे. दसऱ्याचे तोरण झेंडूवाचून आज कल्पिताही येत नाही. परंतु झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडचा असल्याने, १६ व्या शतकापूर्वीच्या म्हणून मानलेल्या ग्रंथात तो स्पष्टपणे आल्यास दोनच शक्यता उरतात. एक तर तो भाग प्रक्षिप्त आहे, किंवा तो शब्द तेव्हा दुसऱ्या कोणत्या फुलाचा वाचक होता. सीताफळ व रामफळ ही नावे तर रामायणाची आठवण देणारी आहेत, आणि तरीही दोन्ही फळे अमेरिकेतील आहेत. नावातील पावित्र्य व वस्तूची प्राचीनता या दोन गोष्टी अलग ठेवल्याखेरीज कालनिर्णय करता येणार नाही.

मधुमालतीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. आज नाशिक जिल्ह्यात काय किंवा पुण्यात काय, कुंपणावर चढविलेली, संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी व लाल होणारी फुले देणारी वेल सर्रास मधुमालती म्हणून ओळखली जाते. संस्कृत काव्यातील माधवी ही तिच्याहून वेगळी, रानात आढळणारी मोठी आरोही वनस्पती होय. मालती हे नाव तर सामान्यतः जाई-चमेलीच्या वर्गातील फुलांकडे नेते. मधुमालती या जोडनावात दोन काव्यप्रसिद्ध वेलींची आठवण एकवटली आणि ती तिसऱ्याच वेलीच्या वाट्याला आली. या वेलीचे जुने शास्त्रीय नावही मोठे उद्बोधक आहे. रम्फियस या डच सेवेतील निसर्गवेत्त्याने तिला ‘क्विस्क्वालिस’ असे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ ‘कोण? कसली?’ असा होतो. मलाय भाषेतील तिचे नाव डच भाषेतील एका प्रश्नार्थक शब्दासारखे ऐकू आल्याने हा शब्दखेळ झाला असे सांगतात. लिनियसने ते नाव कायम केले. पुढे या वेलीची गणना दुसऱ्या प्रजातीत होऊ लागल्याने ते आता मागे पडले आहे. युरोपीय शास्त्रज्ञाने आपले अज्ञान नावातच नमूद केले आणि मराठी माणसाने तिला आपल्या काव्यपरंपरेतील नाव देऊन प्रश्न मिटविला. अनोळखी वनस्पतीला सामोरे जाण्याच्या या दोन वृत्ती आहेत. पहिलीत शंका जिवंत राहते, दुसरीत ती नाहीशी होते. वेल अंगणात रुजविण्यास दुसरी वृत्ती अनुकूल असली, तरी संशोधकाचे काम पहिलीवाचून होत नाही.

४

आता पौराणिक नावांकडे वळू. कृष्णकमळ ही मूळची अमेरिकेतील वेल. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी तिचे फूल प्रथम पाहिले तेव्हा त्यांना त्यात येशू ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे दिसली : मधल्या तंतूंच्या वलयात काटेरी मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा, तीन कुक्षींत तीन खिळे. त्यावरूनच तिचे युरोपीय नाव रूढ झाले. तेच फूल महाराष्ट्रात आले तेव्हा वलयातील असंख्य तंतू शंभर कौरव ठरले, पाच पुंकेसर पांडव झाले, तीन कुक्षी ब्रह्मा-विष्णु-महेश झाल्या आणि मध्यभागी श्रीकृष्णाचे सुदर्शन दिसू लागले. फुलाची रचना तीच आहे. मोजलेले अवयवही जवळजवळ तेच आहेत. वाचन मात्र दोन समाजांनी आपापल्या धर्मकथेनुसार केले. यापैकी कोणी कोणाची नक्कल केली असे मानण्याची आवश्यकता नाही. अपरिचित वस्तू परिचित कथेत बसविणे ही सर्व समाजांची सहज प्रवृत्ती आहे.

ब्रह्मकमळाचे उदाहरण अधिक अर्वाचीन आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात सुमारे साडेतीन हजार मीटर व त्याहून अधिक उंचीवर वाढते आणि सूर्यफुलाच्या कुळात मोडते. महाराष्ट्रात कुंडीत लावली जाणारी, वळवाच्या व मृगाच्या पावसाच्या सुमारास मध्यरात्री उमलून सकाळी कोमेजणारी शुभ्र फुलांची वनस्पती ही निवडुंगाच्या कुळातील आहे. तिचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे होय. तिची ‘पाने’ म्हणून जी दिसतात ती वस्तुतः चपटी झालेली खोडे आहेत. असे असूनही फूल उमलले की घरोघरी त्याची पूजा होते आणि शेजाऱ्यांना दर्शनास बोलावले जाते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे जरूर आहे. परक्या फुलांपैकी जी आधी आली ती पूजेत गेली व जी मागाहून आली ती केवळ शोभेची राहिली, असे एक सुटसुटीत प्रमेय मांडता येईल. झेंडू व निशिगंध जुने म्हणून देवापर्यंत पोहोचले. गुलमोहर व बोगनवेल १९ व्या शतकातील म्हणून कुंपणाशी व रस्त्याकडेला थांबले. प्रथमदर्शनी हे पटते. परंतु ब्रह्मकमळ तुलनेने नवे असूनही थेट देवघरात पोहोचले आणि या प्रमेयाला छेद गेला. उलट घाणेरी सुमारे दोन शतके या देशात असूनही तिला पूजेत स्थान नाही. सबब आगमनाचा काळ हे एकमेव कारण होऊ शकत नाही. फुलाचा गंध, ते ओवता येते की नाही, किती काळ टिकते, या व्यावहारिक बाबींचा वाटा आहेच. बोगनवेलीचा रंगीत भाग हा तर फूलही नसून रंगीत छदे आहेत, आणि त्यांना गंध नाही. परंतु या सर्वांच्या जोडीला नावाचाही वाटा मान्य केला पाहिजे. ज्याला देवाचे नाव मिळाले त्याला देवघराची वाट मोकळी झाली. नाव हे ओळखीचे केवळ फळ नसून पुढील आचाराचे कारणही होते, हा या विवेचनातील मुख्य मुद्दा आहे.

५

लोकांच्या नामकरणाशेजारी शास्त्रीय ओळखीची दुसरी परंपरा चालत आली. तिच्या आरंभी एतद्देशीयांचा सहभाग मोठा होता. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे १६७५ मधील प्रशस्तिपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे आणि वनस्पतींची कोकणी नावेही चित्रांवर नागरीत दिलेली आहेत. गुलबक्षी ही अमेरिकेकडील वनस्पती या ग्रंथात येते. यावरून १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात ती पश्चिम किनाऱ्यावर रुळली होती असे निश्चितपणे म्हणता येते. अंगणातल्या फुलाचा काळ ठरविण्यास असा दिनांकित आधार नावापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

मुंबई इलाख्यात या कार्याला संघटित रूप आले ते १९ व्या शतकात. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती-उद्यान निघाले. १८३८ ते १८४७ या काळात अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. त्याच्या देखरेखीखाली एका गोमंतकीय चित्रकाराने काढलेली वनस्पतींची चित्रे आज एडिंबरो येथील उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. जॉन ग्रॅहॅम याने मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये केली. डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात लंडन येथे प्रसिद्ध झाला. १९५५ मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय पुण्यास स्थापन झाले आणि १९९१ मध्ये या संस्थेने नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रकाशित केला.

या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिच्या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. हे ग्रंथ मुख्यतः आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींचे आहेत. लागवडीच्या फुलांचा निर्देश त्यांत थोडक्यात येतो. त्यामुळे घरच्या बागेत अनोळखी झाड दिसले असता जिज्ञासूला त्यांचा आधार पुरेसा मिळत नाही. दुसरे असे की, ग्रंथ इंग्रजीत, नावे लॅटिनमध्ये आणि मराठी नावे रोमन लिपीत. ती नावे बहुधा माळ्याला अथवा वाटाड्याला विचारून टिपलेली. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ यांचा भेद सामान्यतः उरत नाही. त्यातून पुढे नावे पुन्हा नागरीत आणताना नवेच शब्द जन्मास येतात. दुसऱ्या बाजूस मराठीतील निघंटू व वनौषधींचे ग्रंथ, उदाहरणार्थ १९२७ मधील डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’, वैद्यकाच्या दृष्टीने लिहिलेले असल्याने निव्वळ शोभेची फुले त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. अंगणातील परके फूल अशा रीतीने दोन्ही परंपरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडले आणि ती जागा रोप विकणाऱ्याने भरून काढली. आजही रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाचे नाव म्हणजे विक्रेत्याने सांगितलेले नाव होय.

६

ही उणीव केवळ विद्वत्तेची नाही. तांबडी कण्हेर व पिवळी कण्हेर या दोन्ही अंगणात शेजारी लावलेल्या दिसतात. पहिलीची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात आणि फळ म्हणजे लांब शेंगांची जोडी असते, तिच्यात केसाळ बिया असतात. दुसरीची पाने एकाआड एक आणि अरुंद असतात आणि फळ हिरवे, कंगोरेदार, आत टणक बाठ असलेले असते. नाव सारखे असले तरी प्रजाती भिन्न आहेत. परंतु दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर घातक परिणाम करणारी द्रव्ये आहेत आणि बिट्टीच्या बियांनी मृत्यू ओढवल्याची प्रकरणे भारतात व श्रीलंकेत वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नोंदलेली आहेत. त्याच कुळातील, आफ्रिका-अरबस्तानकडून आलेले अडेनियम हे फुगीर बुंध्याचे झाड अलीकडे उन्हाळी फुलांसाठी कुंड्यांत लावले जाते. तेही विषारी आहे. मुले खेळतात त्या अंगणात काय लावले आहे हे ठाऊक असणे ही चैन नव्हे. याच कुळातील सदाफुलीपासून १९५० नंतरच्या काळात रक्ताच्या कर्करोगावरील व्हिंक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही औषधे हाती आली. संशोधनाचा आरंभ तिच्या मधुमेहावरील लोकप्रसिद्धीमुळे झाला होता. औषधांच्या नावांत तिचे ‘व्हिंका’ हे सोडून दिलेले जुने शास्त्रीय नाव अद्याप टिकून आहे. म्हणजे शास्त्रीय नावांनाही इतिहास आहे, हे लक्षात ठेवावयास हवे.

अनोळखी वनस्पतीकडे वेळीच लक्ष गेल्याने इतिहासाला काय लाभ होतो, हे गाजरगवताच्या उदाहरणावरून दिसते. ही अमेरिकेकडील वनस्पती १९५१ मध्ये पुण्यात दृष्टीस पडली आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तिची भारतातील नवी नोंद प्रसिद्ध केली. पुढे ती सर्व देशभर पसरली. ओलावा मिळेल तेथे कोणत्याही ऋतूत उगवत असल्याने पाणी घातलेल्या बागांत ती उन्हाळ्यातही दिसते. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ योजनेतील गव्हाबरोबर हे गवत आले असा समज लोकांत दृढ आहे. परंतु तो कायदा १९५४ मधील आणि त्याखालील भारताशी पहिला करार १९५६ मधील आहे. वनस्पती त्यापूर्वीच पुण्यात दिसलेली होती. त्याआधीच्या धान्य-आयातीशी तिचा संबंध असू शकेल, पण त्या विशिष्ट योजनेला आरंभाचे श्रेय देता येत नाही. शिवाय कलकत्त्याच्या उद्यानाच्या १८१४ मधील सूचीत रॉक्सबर्गने या वनस्पतीचा समावेश केला होता, हेही नंतर दाखविण्यात आले. एका दिनांकित नोंदीने प्रचलित आख्यायिका बाजूस सारली आणि त्याहून जुन्या नोंदीने त्या नोंदीतील ‘नवी’ या शब्दाचाही अर्थ मर्यादित केला. ‘काँग्रेस गवत’ हे तिचे दुसरे नाव मात्र वनस्पतीविषयी काहीच सांगत नाही. त्यात तत्कालीन राजकीय वातावरणाची छाया आहे.

उन्हाळ्यात ओळख पटविण्याचे काम करताना काही विशेष अडचणी येतात. देवचाफा निष्पर्ण असताना फुलतो, भुईचाफ्याला त्या वेळी पान नसते, आणि ग्रंथांतील वर्गीकरणाच्या किल्ल्या पुष्कळदा पानांच्या मांडणीपासून सुरू होतात. म्हणून एका भेटीत निर्णय करू नये. फुलाची डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावी. चीक आहे की नाही, असल्यास रंग कोणता, गंध दिवसा येतो की रात्री, या ज्या गोष्टी वाळलेल्या नमुन्यात नाहीशा होतात त्या जागच्या जागी लिहून ठेवाव्यात. मग पावसाळ्यात त्याच झाडाचे पान व पुढे फळ मिळवून तो नमुना पूर्ण करावा आणि अधिकृत वनस्पतिसंग्रहातील नमुन्याशी ताडून पाहावा. दूरध्वनीवर काढलेल्या छायाचित्रावरून नाव सुचविणारी यंत्रसाधने आज सर्वांच्या हाती आहेत. त्यांचा उपयोग शोधाच्या आरंभासाठी जरूर करावा. परंतु चीक, गंध व ऋतुमान छायाचित्रात उतरत नाहीत, हे विसरू नये.

७

या विवेचनातून इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तीन निष्कर्ष काढता येतात. फुलाचे मराठी नाव हे वनस्पतीच्या मूलस्थानाचा वा प्राचीनतेचा पुरावा नाही. ज्या समाजाने ते दिले त्याच्या स्मृतीचा व श्रद्धेचा तो पुरावा आहे आणि त्या अर्थाने तो मोलाचा आहे. कालनिर्णयासाठी दिनांकित चित्र, सूची, वनस्पतिसंग्रहातील नमुना किंवा पत्रव्यवहार यांचाच आधार घेतला पाहिजे. आणि नावामुळे फुलाचे समाजातील स्थान बदलते, म्हणून नाव चुकीचे ठरले तरी ते टाकून देता येत नाही. चुकीचे नावही ऐतिहासिक घटनाच असते.

पेशवेकालीन सरदारांची बिऱ्हाडे पुण्यात व जहागिरीच्या गावी अशी दुहेरी असत. हिराबागेसारख्या बागा ज्यांनी पुण्यात पाहिल्या होत्या त्याच वर्गाचे वाडे विंचूरसारख्या गावांत उभे होते. शहराकडून खेड्याकडे रोपे व नावे जाण्याचा हा एक स्वाभाविक मार्ग होय. त्यानंतर लोहमार्ग, बाजारपेठा व रोपवाटिका हे मार्ग खुले झाले. आज विंचूर-लासलगावचा परिसर कांदा व द्राक्षे यांसाठी ओळखला जातो आणि शेतीच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्यांचे लक्ष साहजिकच या पिकांकडे जाते. अंगणातील फुलांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. त्यांना ना सारा, ना बाजारभाव. ती ठाऊक असतात ती घरातील वृद्ध स्त्रियांना : हे रोप कोणाच्या माहेरून आले, कोणत्या साली लावले, आधी त्याला काय म्हणत असत.

स्थानिक इतिहासासाठी गावोगाव फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिलालेखांचे ठसे व जुने कागद यांच्याबरोबर अशी माहितीही टिपून घ्यावी, अशी सूचना येथे कराविशी वाटते. प्रत्येक नोंदीत वनस्पतीचा दाबलेला नमुना, सांगणाऱ्याने उच्चारलेले नाव जसेच्या तसे नागरीत, रोप कोठून व केव्हा आले याविषयीची त्या घरची आठवण आणि नोंदीचा दिनांक, एवढे चार भाग असावेत. ओळख नंतर पटली अथवा बदलली तरी चालेल, पहिले नाव खोडू नये. नवे नाव तारखेसह त्याच्या खाली लिहावे. एका उन्हाळ्यात एका गावातील वीस-पंचवीस घरांपुरते हे काम झाले, तरी पुढील अभ्यासकाला तुलना करण्यासाठी निश्चित पाया मिळेल.